पाऊण कुत्रा, पाव कुत्रा

बँकेच्या कर्जाच्या अर्जात 'कर्जाचे प्रयोजन' असा एक रकाना असतो. गेली बावीस वर्षे मी लोकांना तो रकाना भरायला सांगतो आहे आणि गेली बावीस वर्षे लोक तो कोरा ठेवून अर्ज माझ्यापुढे सरकवीत आहेत. नाव लिहितात, गाव लिहितात, रक्कम तर इतकी दाबून लिहितात की कागद उलटा केला तरी वाचता यावी. प्रयोजनापाशी मात्र पेन अडतं. "तुम्हीच लिहा ना साहेब काहीतरी!" आता याला म्हैस घ्यायची आहे की मोटारसायकल, हे मी कसं ठरवणार? माणसाला पैसे किती हवेत हे पक्कं ठाऊक असतं. कशाला हवेत, हे ते हातात पडल्यावर सुचतं.

हे आठवायचं कारण असं की गेल्या महिन्यात डब्याच्या सुट्टीत माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने जाहीर केलं, की तो शिकारी कुत्र्याचं पिल्लू घेणार. राहतो पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक बायको, सासूबाई येऊन-जाऊन. पोळीचा तुकडा हवेत धरून त्याने मला विचारलं, "तू विलायतेत ती लांब तोंडाची कुत्री बघून आलास ना? मग सांग, सगळ्यांत बेस्ट कोणतं?"

वाचकहो, माझं आजचं भांडण या 'बेस्ट'शी आहे. सहकाऱ्याशी नाही. त्याच्याशी भांडलो तर मला जेवायला जाताना माझं काउंटर कोण सांभाळणार?

कुत्र्यांविषयी बोलायचा माझा अधिकार काय, असं कोणी विचारील. अधिकार काही नाही. मी बी. कॉम. आहे. लहानपणी आमच्या वाड्यातल्या एका कुत्र्याने मला पोटात चौदा इंजेक्शनं मिळवून दिली, तेव्हापासून कुत्रा दिसला की माझा हात आपोआप पोटाकडे जातो. पण ज्याने स्वतः कधी दमडीचं कर्ज घेतलं नाही तोच कर्जाबद्दल नीट बोलू शकतो, तसंच हे.

तर २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता माझ्या मेहुण्याकडे इंग्लंडला गेलो होतो. हा मेहुणा म्हणजे सौ. चा धाकटा भाऊ. केंब्रिजला संगणकात काहीतरी करतो आणि तिथून जवळच, ईलीकडच्या एका खेड्यात राहतो. हा सगळा मुलूख पूर्वी दलदलीचा. सतराव्या शतकापासून पाणी काढून काढून त्याची शेती केलेली. माती काळीभोर, आणि जमीन इतकी सपाट की परात पालथी घातल्यासारखी. ईलीचं मोठं चर्च मैलोगणती दुरून दिसतं, कारण मधे आड यायला काही नाहीच.

दारातच आमचं स्वागत सुलतानने केलं. सुलतान म्हणजे मेहुण्याचा कुत्रा. उंची माझ्या कमरेएवढी, तोंड चिंचोळं, कानांना रेशमासारखी झालर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि चेहऱ्यावर संस्थान खालसा झालेल्या राजाची उदासी. माझा हात पोटाकडे गेला.

"दाजी, घाबरू नका. हा लर्चर आहे. निम्मा सलुकी, निम्मा ग्रेहाउंड. सगळ्यांत बेस्ट!" मेहुणा म्हणाला.

त्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. जन्म शेतमजुरीत गेलेला. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणत असे. त्यांच्यापाशी एक खरखरीत केसांचं, पायपुसणं धुऊन वाळत घातल्यासारखं दिसणारं लहानसं कुत्रं होतं. आजोबांनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून मला सांगितलं, की तुमच्या मेहुण्याचा कुत्रा लर्चर नव्हेच.

आणि खरोखरच तो नव्हता. लर्चर ही जात नाही, तो प्रकार आहे. म्हणून तिथल्या केनेल क्लबच्या जातींच्या यादीत तो सापडायचा नाही. नजरेवर धावणारं एक कुत्रं घ्यायचं, म्हणजे ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी किंवा डिअरहाउंड. आणि त्याचा एखाद्या कामकरी कुत्र्याशी संकर करायचा, म्हणजे मेंढ्या वळणारा कॉली किंवा बिळं उकरणारा टेरिअर. एकाचे पाय, दुसऱ्याची अक्कल. दोन्ही बाजू धावणाऱ्यांच्याच असल्या तर त्याला तिकडे 'लाँगडॉग' म्हणतात. म्हणजे सुलतानच्या वंशात पायच पाय होते. अक्कल कोणी घातलेलीच नव्हती.

पुढे रोज कुंपणावर माझी शिकवणी सुरू झाली. पहिला धडा सशाचा. आपल्याकडे ससा म्हटलं की संपलं, कारण आपल्या रानात एकच ससा. तो बीळ करीत नाही, उघड्यावर बसतो आणि पायांच्या भरवशावर जगतो. इंग्लंडात ससे दोन, आणि त्यांना नावंही दोन. एक 'हेअर', आपल्यासारखा रानससा. दुसरा 'रॅबिट', बिळातला ससा. हा चाळीत राहणाऱ्या माणसासारखा दारापासून फार लांब जात नाही आणि धोका दिसताच वीस-पंचवीस ढांगांत घरात. आजोबांचं म्हणणं, कुत्र्याचं सगळं गणित या दोन सशांवर आहे.

बिळातला ससा हवा, तर कुत्रं लहान पाहिजे, क्षणात सुटणारं आणि जागच्या जागी वळणारं. आजोबांचं पायपुसणं अशा कामाचं: व्हिपेट आणि बेडलिंग्टन टेरिअर. बेडलिंग्टन हा नॉर्थंबरलंडमधल्या खाणकामगारांचा कुत्रा. दिसतो मेंढीच्या कोकरासारखा, पण कोकरू समजून हात लावायला जाऊ नये. हे लोक बिळात फेरेट सोडतात. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबोडका पाळीव प्राणी. तो आत शिरतो, ससा बाहेर उसळतो. कुत्र्याने कोणत्या बिळात ससा आहे ते वासाने सांगायचं, मग श्वास रोखून उभं राहायचं, आणि मुख्य म्हणजे बाहेर आलेला ससा आणि बाहेर आलेला फेरेट यांत गल्लत करायची नाही. हे काम ग्रेहाउंडला सांगितलं तर तो पहिल्याच दिवशी फेरेट संपवील आणि शेपूट हलवीत शाबासकी मागायला येईल.

रात्री दिव्याने सशांवर जायचं असेल तर हिशेब निराळा. काळोखी, वाऱ्याची रात्र पाहायची, झोताचा दिवा शेतावर टाकायचा, आणि कुत्र्याने त्या उजेडाच्या रेघेवरून धावून ससा जिवंत आणून हातात द्यायचा. एकदा नव्हे, रात्रीतून दहादा-वीसदा. शर्यतीचा ग्रेहाउंड ४८० मीटर अर्ध्या मिनिटाच्या आत तोडतो, पण त्यानंतर त्याचा बँक हॉलिडे असतो. शिवाय त्याची कातडी पातळ, काटेरी तारेला लागली की कापडासारखी फाटते. म्हणून इथे कॉलीचं रक्त हवं: पाऊस सोसणारे केस, टणक पाय आणि सांगितलेलं ऐकायची सवय. मात्र कॉली फार झाला तर वेग जातो. तेव्हा पाऊण ग्रेहाउंड आणि पाव कॉली!

हे ऐकून माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. भागीदारी संस्थेत नफ्यातोट्याचं प्रमाण ठरवावं तसा हा कुत्रा ठरवलेला. फरक एवढाच, की भागीदारीचं प्रमाण कागदावर लिहिलं की पाळावं लागतं. पिल्लं ते पाळतीलच असं नाही. एकाच वेतात एकाला कॉलीचं डोकं आणि ग्रेहाउंडचे पाय येतात, आणि त्याच्या सख्ख्या भावाला कॉलीचे पाय आणि ग्रेहाउंडचं डोकं. त्या भावाचं पुढे काय होतं, हे कोणी सांगत नाही.

कॉलीच्या अकलेचाही एक तोटा आजोबांनी सांगितला. चार हंगाम गेले की त्याला हिशेब कळतो. ससा शेवटी कुठे वळणार हे तो ओळखतो, जोडीदार कुत्र्याला जीव खाऊन धावू देतो आणि स्वतः कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. मी म्हटलं, असे आमच्या शाखेत तिघे आहेत.

आणि उघड्या माळावरचा रानससा? त्याच्यामागे मिनिटभर नव्हे, कितीतरी अधिक पळावं लागतं. त्याला दमसास पाहिजे, दगडाचे पाय पाहिजेत. ते सलुकीचे. सलुकी हा अरबस्तान-इराणकडचा, वाळवंटातला धावपटू. ईलीकडच्या सपाट शेतांवर सलुकीचं रक्त गाजलं ते म्हणून. "पण तो एकदा सुटला की हाक ऐकत नाही," आजोबा म्हणाले, "आणि तो ससा आता आम्हाला चालतही नाही."

लर्चर आणि कायदा यांचं वाकडं जुनंच आहे. १६७१ च्या इंग्लंडच्या कायद्यात लर्चरचं नाव घालून लिहिलं होतं, की ज्याला वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन किंवा तसंच काही तारण नाही, त्याने हे कुत्रं बाळगायचं नाही. शिकारराख्याने ते खुशाल जप्त करावं. कुत्र्याला तारण मागणारा हा कायदा वाचून मला आमच्या वरिष्ठांची आठवण झाली. तो १८३१ साली गेला. गरिबाने मधल्या काळात काय केलं? दिसायला मेंढ्यांचा, पळायला सरदारांचा असा कुत्रा ठेवला आणि त्याला न भुंकता धावायला शिकवलं. धावताना भुंकणारा लर्चर आजही नालायक समजतात. चोरीच्या सशामागे ओरडत जायचं म्हणजे लाच घेऊन पावती देण्यासारखं.

मग आला २००४ चा शिकार कायदा. १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये रानससा, कोल्हा, हरीण यांच्यामागे शिकारीसाठी कुत्री सोडायला बंदी झाली. डिअरहाउंडचे थोराड संकर आणि बुल टेरिअरचे दांडगे संकर ज्या कामासाठी करीत, ते कामच गेलं. जमीनमालकाची परवानगी असेल तर बिळातले ससे आणि उंदीर मात्र चालतात. चोरून रानसशावर कुत्री सोडणाऱ्या टोळ्या फार माजल्या, म्हणून २०२२ मध्ये शिक्षा वाढवली: सहा महिन्यांपर्यंत कैद, अमर्याद दंड, आणि जप्त कुत्र्यांच्या जेवणाखाण्याचा खर्चही आरोपीकडून.

हे सगळं मला आजोबांनी सोमवारी सांगितलं. मंगळवारी मी सुलतानला फिरायला नेलं.

नेलं म्हणजे सौ. ने पाठवलं. मेहुणा कामावर, थंडी कडाक्याची, म्हणून मी माकडटोपी चढवून नाकापर्यंत ओढलेली. एका हातात सुलतानचा पट्टा, दुसरा पोटावर. शेताच्या कडेने जाताना दहा पावलांवर एक ढेकूळ उठलं आणि पळू लागलं. तो रानससा होता. त्यानंतर मला फक्त एवढं आठवतं, की पट्टा माझ्या हातात नव्हता.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी भीती विसरलो. दिवसभर कोचावर हातपाय मुडपून पडणारा तो उदास प्राणी जमिनीला लागतच नव्हता. ससा काटकोनात वळे, सुलतान लांबून वळसा घेई, पुन्हा गाठी. काळ्या शेतावर दोन रेघा कोणीतरी काढीत होतं आणि पुसत होतं. शेवटी ससा एका चरातून पलीकडे सटकला, त्याच्यामागे सुलतानही सटकला, आणि परातीवर मी एकटा उरलो.

एकटा फार वेळ राहिलो नाही. एक चिखलाने माखलेली गाडी आली, तीतून शेतकरी उतरला. त्याला जे दिसलं ते असं: परका माणूस, तोंड झाकलेलं, परवानगी नाही, आणि नुकताच सुटलेला सलुकीच्या रक्ताचा कुत्रा. त्याने खिशातून फोन काढला. मी घाईघाईने म्हणालो, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." बावीस वर्षांच्या नोकरीत इंग्रजीतलं हेच एक वाक्य माझ्या तोंडात पक्कं बसलेलं आहे. त्याने त्याचं समाधान होत नाही, हा अनुभव मला इथेही येतोच.

आजोबा पायपुसण्यासह वेळेवर पोचले नसते तर हा लेख मी कुठे बसून लिहिला असता, सांगवत नाही. त्यांनी शेतकऱ्याला काय सांगितलं ते मला नीट कळलं नाही; पण माझ्याकडे बघून दोघेही मान हलवीत होते आणि त्यात संशयापेक्षा कीव जास्त होती. सुलतान दीड तासाने आला. पायाचं एक बोट सुजलेलं, छातीवर तारेने कापलेलं, आणि डोळ्यांत मी कधी न पाहिलेला आनंद.

त्या रात्री टाके घालून आणल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, मला जमत नाही. देऊन टाकतो." आणि रविवारी आम्ही बेवारशी कुत्र्यांच्या एका आश्रमात चौकशीला गेलो.

ती जागा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. स्वच्छ होती, माणसंही प्रेमळ होती. पण ओळीने पिंजरे, आणि एकाआड एक पिंजऱ्यातून लांब तोंडं बाहेर आलेली. कोणी झालरवाला, कोणी खरखरीत, कोणी चट्ट्यापट्ट्यांचा. तिथे लर्चर फार येतात म्हणे. कामाचे निघाले नाहीत म्हणून सोडलेले, काम संपलं म्हणून सोडलेले, आणि सुलतानसारखे, फार कामाचे निघाले म्हणून आणलेले. प्रत्येक पिंजऱ्यावर कागद: नाव, वय, रंग. खाली एक ओळ: 'मांजर असलेल्या घरात चालणार नाही.' 'मोकळा सोडू नये.' मी कारकुनी सवयीने सगळे कागद वाचत गेलो आणि चौथ्या-पाचव्या पिंजऱ्यापाशी माझ्या ध्यानात आलं, की हाच तो रकाना. प्रयोजनाचा. भरला होता, पण माल परत आल्यावर.

आता कोणी शहाणा म्हणेल, शिकार बंद झाली तर शिकारीवरून कुत्रा निवडायच्या गोष्टी कशाला? दिसायला छान असला की पुरे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कायदा माणसाने वाचला, कुत्र्याने वाचलेला नाही. राजपत्र आलं म्हणून पाय आखूड होत नाहीत. शिकार करायची नसेल तर हा विचार दुप्पट करायला हवा, कारण शिकाऱ्याकडे निदान कुत्र्याला काम तरी असे. आपण रानसशाचा कुत्रा घेतो, कोचावर बसवतो, आणि एके दिवशी तो रानसशाचा निघाला म्हणून रागावतो.

दुसरे शहाणे म्हणतात, संकराच्या भानगडीत पडूच नये, शुद्ध जात घ्यावी, कागदपत्रांसह. कागदपत्रांवर माझं पोट चालतं, म्हणून सांगतो: कागद खरा असतो, त्यावरून माणूस कळत नाही. आजोबांच्या पायपुसण्यापाशी एकही कागद नव्हता. पण त्याच्या बापाने काय केलं, आईने काय केलं, आणि म्हणून याच्याकडून काय मागावं, हे आजोबांना तोंडपाठ होतं. मला हीच खरी वंशावळ वाटते.

आणि हे फक्त विलायतेचं नाही. माझ्या आजोळी, सोलापूरकडे, कारवान कुत्री असत. त्याचा भाऊबंद सीमेपलीकडे मुधोळचा. हाही सलुकीसारखाच नजरेवर धावणारा, माळावरच्या सशाचा कुत्रा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सशाची शिकार बंद झाली. मामा कारवान ठेवी तो शेताच्या राखणीला. पण त्याला रोज पहाटे मोकळ्या रानात पळवून आणी. म्हणे, "ह्याला बसलेला बघू नये. पळताना बघावा." तोच कारवान हल्ली पुण्यातल्या गॅलरीत दिसतो, लोखंडी गजांतून खालच्या मांजराकडे बघत. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटतो. तो मी आश्रमात पाहिला आहे.

सुलतानला मेहुण्याने शेवटी दिलं नाही. परतताना गाडीत कोणी बोललं नाही. घर आल्यावर तोच म्हणाला, "रकाना मी भरला नाही, त्याने का भरायचा?" आता तो आठवड्यातून तीनदा उंच कुंपणाचं एक शेत तासावर भाड्याने घेतो. अशी शेतं तिकडे मिळतात. त्या भाड्याचे रुपये किती होतात ते मी काढून पाहिलं आणि सौ. ला सांगितलं नाही. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी आजोबांनी सौ. ला भेट म्हणून दोन ससे सोलून आणून दिले. ती जन्माची शाकाहारी. तिने हसून आभार मानले, दार लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की ससे मीच मारले होते.

सहकाऱ्याला मी 'बेस्ट' सांगितलं नाही. मी कर्जाचा एक कोरा अर्ज घेतला, 'कर्जा'वर काट मारून 'कुत्र्या' असं लिहिलं आणि त्याच्यापुढे ठेवला. रोज किती पळवणार? कुठे? पावसाळ्यात? समोरून मांजर गेलं तर? त्याने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. प्रयोजनापाशी पेन अडलं.

"तूच लिही ना काहीतरी," तो म्हणाला.

अर्ज अजून माझ्या खणात पडून आहे. अपूर्ण अर्जावर कार्यवाही होत नाही.